नदीकाठचा जुना बंगला विकत घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर विकायचंय असं चार लोकांना सांगितल्यापासून फोनवर आणि व्हॉट्सअॅपवर तेच तेच प्रश्न येतायत. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून काढलं. काही प्रश्न आमच्या घराचे नाहीतच. लोक दुसरीकडचा जुना बंगला बघून येतात आणि आम्हाला विचारतात. माहीत होतं तेवढं तेही लिहिलंय. बघायला येणारे रंगीत तावदानांपाशी रेंगाळतात. आमचं म्हणणं, आधी पाणी कुठवर येतं ते बघा, मग कागद बघा, तावदानं शेवटी.

1. घर नेमकं कुठं आहे? नदी किती जवळ?

पुण्यात, बंडगार्डन भागात, मुळा-मुठेच्या दक्षिण काठाला. संगमावर दोन्ही नद्या एक होऊन पूर्वेला वाहू लागतात, तो हा पट्टा. मागच्या फाटकातून काठावर चालत जायला चार-पाच मिनिटं पुरतात. घरातून नदी दिसत नाही, मधे इमारती झाल्यात. कुणा एजंटनं ‘रिव्हर व्ह्यू’ सांगितला असेल तर तो त्यानंच दाखवावा. हद्द महापालिकेची आहे, कॅन्टोन्मेंटची नाही. हा फरक साधा नाही, त्यासाठी प्रश्न 14 वाचा.

2. ‘व्हिक्टोरियन’ म्हणजे काय? खरंच एवढं जुनं आहे का?

राणी व्हिक्टोरियाची कारकीर्द 1837 ते 1901. नुसत्या सालावरून ठरवायचं तर पेठांतले कितीतरी वाडेसुद्धा व्हिक्टोरियन ठरतील. इथं अर्थ बांधणीचा आहे. 1858 मध्ये रेल्वे पुण्यात आली, पावसाळ्यात मुंबईचं सरकार इथं मुक्कामाला येऊ लागलं, आणि स्टेशन, कॅम्प, बंड या बाजूला बंगले उठले. लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, 1867 चं, मंडईची इमारत 1886 ची. त्याच लाटेतली ही घरं. वाड्यासारखा मधे चौक नाही. उलट चारी बाजूंनी मोकळी जागा, उंच दगडी जोतं, पुढं खोल व्हरांडा, उतरतं कौलारू छप्पर, दर्शनी त्रिकोणी माथा आणि त्याच्या कडेला कातरकामाची लाकडी झालर.

आमचं घर 1880 च्या दशकातलं. 1892 च्या खरेदीखतात ते ‘पक्कं दगडी घर’ म्हणून उभं आहे. त्याआधीचा कागद नाही, म्हणून नेमकं साल आम्ही सांगत नाही. बरेच जण कौलाच्या पोटावरचा ‘बासेल मिशन 1865’ हा ठसा मोबाईलमध्ये टिपतात आणि घर 1865 चं म्हणून मोकळे होतात. ते साल मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाला त्याचं आहे. कौल त्यानंतर कधीही भाजलेलं असू शकतं. जुनं घर विकणारा कौल दाखवून वय सांगत असेल तर कागद मागा.

3. आत काय काय आहे?

प्लॉट 18 गुंठे. खाली व्हरांडा, दिवाणखाना, जेवणघर, दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर. वर तीन खोल्या आणि सज्जा. मागं दोन आऊटहाऊस, त्यातलं एक रिकामं नाही (प्रश्न 17). विहीर आहे, पंप चालतो, पाणी बागेला वापरतो, पीत नाही. मागची एक खोली नंतरची आहे. तिच्या लोखंडी तुळईवर ‘डॉर्मन लाँग’ असा विलायती शिक्का आहे, मूळ घरात मात्र सगळं सागवान.

4. पुराचं पाणी घरात येतं का? खरं सांगा.

आलेलं आहे. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा जोत्यावर चढून दिवाणखान्यात गुडघाभर पाणी होतं. पेठांतली पांढऱ्या मातीची घरं त्या दिवशी बसली. हे घर दगड-चुन्याचं, म्हणून टिकलं, पण भिंती वाळायला पुढचा उन्हाळा उजाडला असं सासूबाई सांगायच्या. दिवाणखान्याच्या सागवानी चौकटीवर अजून एक फिकट आडवी रेघ आहे. दुरुस्तीच्या वेळी सुतारानं ती घासून पॉलिश करतो म्हटलं. आम्ही नको म्हणालो. विकत घेणाऱ्याला ती दिसली पाहिजे.

1961 चा पूर धरण फुटल्याचा होता, पावसाचा नव्हता. त्यामुळे नेहमीच्या हिशेबात तो बसत नाही. नेहमीचा हिशेब असा: बंडगार्डन संगमाच्या खाली आहे, म्हणजे इथं दोन्हीकडचं पाणी येतं. मुठेतून खडकवासल्याचं, ज्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर आहेत. मुळेतून मुळशीचं, आणि दापोडीला येऊन मिळणाऱ्या पवनेचं. खडकवासल्याच्या विसर्गाची बातमी सगळे ऐकतात, पवना आणि मुळशीचा आकडा कुणी बघत नाही. दोन्ही एकदम वाढले की आमच्याकडं पाणी चढतं. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा आमच्या मागच्या फाटकाबाहेरच्या गल्लीत पाणी होतं, कंपाउंडात आलं नाही. 1961 नंतर जोत्यावर पाणी चढलेलं नाही. पुढं चढणार नाही असं लिहून देणारा माणूस मिळाला तर त्याच्याशी व्यवहार करू नका.

5. निळी रेषा, लाल रेषा काय भानगड आहे?

पाटबंधारे, म्हणजे आताचा जलसंपदा विभाग, नदीच्या दोन पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम मिळत नाही. निळ्या-लालच्या मधे मिळतं, पण जोत्याची पातळी पूररेषेच्या हिशेबानं उचलावी लागते. ‘100 वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की 99 वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच.

आमच्या प्लॉटचा मागचा कोपरा लाल रेषेच्या आत येतो, घर बाहेर आहे. नकाशाची प्रत दाखवतो, पण आमच्या प्रतीवर विसंबू नका. विकास आराखड्याच्या नकाशावर स्वतः बघा आणि आर्किटेक्टकडून प्लॉटची पातळी मोजून घ्या. जुनं घर निळ्या रेषेच्या आत असेल तर ते आहे तसं उभं राहू शकतं, पण पडलं तर पुन्हा बांधायला मिळेलच असं धरून पैसे मोजू नका.

6. नदीकाठ सुधार प्रकल्पात जागा जाईल का?

मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून सुमारे 44 किलोमीटरचा प्रकल्प आहे आणि बंडगार्डनच्या पट्ट्यात काम झालेलं डोळ्यांनी दिसतं. आमच्या प्लॉटवर आरक्षण नाही, झोन दाखला काढलेला आहे. काठ भरून बांध घातल्यानं पुराचं पाणी कुठं सरकेल यावर शहरात वाद आहे. आमचं मत विचाराल तर, नदीची रुंदी कमी करून तिचं पाणी कमी होत नाही.

7. वास येतो का? डास?

एप्रिल-मे महिन्यात संध्याकाळी येतो. जलपर्णी साठली की डासही. आम्ही सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या, लाकडी चौकटीला आतून, म्हणजे दर्शनी भाग बदलला नाही. पावसाळ्यात आणि थंडीत त्रास नाही.

8. जीर्णोद्धार केला म्हणता, म्हणजे नेमकं काय केलं?

आधी काय काढलं ते सांगते. 1970-80 च्या दशकांत घरातल्याच मंडळींनी भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, दगडांच्या दरजा (सांधे) सिमेंटनं भरल्या, व्हरांड्यात मोझेक घातलं. तेव्हा सगळं पुणं हेच करत होतं. वीस-पंचवीस वर्षांत भिंतींना लोणा लागला. कमरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरी पूड झडायची, रंग पापुद्र्यासारखा सुटायचा. दर दिवाळीला रंगारी यायचा आणि होळीपर्यंत पुन्हा तेच.

कारण सोपं आहे. आपला काळा दगड, बेसाल्ट, स्वतः पाणी फारसं पीत नाही. ओल चढते ती दरजांतून आणि भिंतीच्या पोटातल्या चुन्यातून. चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल हवेत उडून जाते. वर सिमेंट थापलं की वाट बंद होते, पाणी आत अडकतं, आणि त्यातले क्षार पृष्ठभागाजवळ खडे धरून गिलावा उचकटतात. पावसाळ्यात रेनकोट घालून पर्वती चढल्यावर आत होतं तेच भिंतीचं झालं होतं.

सगळं सिमेंट छिन्नीनं हातानं काढलं. ब्रेकर लावला असता तर दगडाच्या कडा गेल्या असत्या. भिंती एक पूर्ण हिवाळा आणि उन्हाळा उघड्या ठेवून वाळवल्या. कळीचा चुना हौदात भिजवून महिनाभराहून जास्त मुरवला, वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून घाण्यात मळला, गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलं. गवंडी साताऱ्याकडचे होते. त्यातल्या थोरल्यानं मळलेला चुना थापीवर घेऊन थापी उलटी धरली. चुना चिकटून राहिला तेव्हाच काम सुरू केलं, पडला त्या दिवशी सुट्टी. गिलाव्याचे तीन हात, प्रत्येक हात गोणपाट ओलं ठेवून सावकाश वाळवलेला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होत असतो, त्याला महिने लागतात. त्याला घाई चालत नाही आणि आजकालच्या कंत्राटदाराला घाईशिवाय दुसरं काही चालत नाही, म्हणून दोन जण मधेच काम सोडून गेले.

लाकडातल्या सडलेल्या जागा तेवढ्याच कापून जुन्याच सागवानाचे तुकडे जोडले. वायरिंग, नळ आणि ड्रेनेज पूर्ण नवं आहे. मोझेक मात्र ठेवलं. ते आता स्वतःच जुनं झालंय, आणि चांगलं आहे.

9. ताब्यात आल्यावर आम्ही प्लास्टिक पेंट मारला तर?

घर तुमचं, पण प्रश्न 8 मधला दुसरा परिच्छेद पुन्हा वाचा. प्लास्टिक पेंट म्हणजे सिमेंटचा धाकटा भाऊ. चुन्याचा रंगच द्या, तो बोटाला थोडा लागतो, ती त्याची खोड आहे, दोष नाही. दरजा झिजल्या तर चुन्यानंच भरा. दरज दगडापेक्षा मऊ हवी, म्हणजे झिजायची वेळ आली की दरज झिजते, दगड नाही. गवंड्यांचा नंबर व्यवहाराबरोबर देऊ.

10. छप्पर गळतं का?

मंगलोरी कौलांचं छप्पर न गळता राहात नाही. गळतं कुठं आणि किती, हा प्रश्न. दर मे महिन्यात शाकारणी करावी लागते: फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, आढ्यावरच्या कौलांचा चुना तपासायचा, पन्हळीतला पाला काढायचा. सगळ्यात जास्त गळती पन्हळ तुंबल्यानंच होते. जुनी कौलं जमवून मागच्या खोलीत रचून ठेवलीत, नव्या कौलांचे खाचे जुन्यांत बसत नाहीत. वर पत्रा टाकायचा सल्ला प्रत्येक पाहुणा देतो. आम्ही ऐकून घेतो.

11. वाळवी?

मूळ सागवानाला नाही. लागली होती ती नंतर बसवलेल्या प्लायवूडच्या कपाटांना, तीही भिंतीला टेकलेल्या. नवं लाकूडकाम भिंतीपासून दोन बोटं सुटं ठेवा, आणि जोत्यावर मातीची नळी दिसली की त्याच आठवड्यात माणूस बोलवा.

12. हेरिटेज दर्जा आहे म्हणजे खिळाही ठोकता येत नाही का?

ठोकता येतो. महापालिकेच्या यादीत वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिलीत मजबुतीसाठी लागेल तेवढंच काम, आतही आणि बाहेरही. दुसरीत बाहेरचं रूप राखून आत बदल करता येतात, वापरही बदलता येतो, पण वारसा संवर्धन समितीच्या नजरेखालून. तिसरीत मोकळीक जास्त, परिसराच्या रूपाला बाध येऊ नये एवढं बघतात. आमचं घर दुसऱ्या श्रेणीत आहे.

बाथरूम वाढवणं, आतली नंतरची भिंत काढणं, मॉड्युलर किचन, यातलं बहुतेक होतं. एसी चालतो, बाहेरचं युनिट मागच्या बाजूला ठेवून. सोलर पॅनल कौलांवर नको, आऊटहाऊसच्या गच्चीवर जागा आहे. लिफ्टचं कुणी विचारलं तर आम्ही जिन्याकडं बोट दाखवतो, पण गुडघ्यांचा प्रश्न खराच आहे. मागच्या खोलीत, म्हणजे नंतरच्या भागात, घरगुती लिफ्ट बसू शकेल असं आमच्या आर्किटेक्टचं मत आहे. परवानगी काढलेली नाही.

13. पाडून इमारत बांधता येईल का? एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं तो आकडा) किती?

रोज येणारा प्रश्न, म्हणून थोडक्यात: नाही. दुसऱ्या श्रेणीतलं घर पाडून टॉवर होत नाही. त्यापोटी वापरता न आलेल्या बांधकाम हक्काच्या बदल्यात हेरिटेज टीडीआर (हस्तांतर करता येणारा विकास हक्क) मागता येतो, तो दुसरीकडं विकता येतो, आणि त्यासोबत घर जपायची जबाबदारी येते. हा टीडीआर आम्ही घेतलेला नाही, हक्क घराबरोबर जातो. दुसरा कुठला जुना बंगला घेत असाल तर पहिला प्रश्न हाच विचारा: टीडीआर आधीच उचलून विकला आहे का? तो गेला असेल तर किंमत त्या हिशेबानं उतरली पाहिजे.

14. कॅम्पात असाच बंगला निम्म्या किमतीत मिळतोय. तो का घेऊ नये?

घ्या, पण काय विकत घेताय ते कळू द्या. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटमधले बरेच जुने बंगले ‘ओल्ड ग्रँट’वर आहेत. ब्रिटिश काळात लष्करी अधिकाऱ्यांची सोय व्हावी म्हणून बांधायला दिलेली जागा. जमीन सरकारचीच राहिली, धारकाचा हक्क वरच्या बांधकामापुरता. सरकार भरपाई देऊन जागा परत घेऊ शकतं, आणि हस्तांतर किंवा बदल करायला परवानगी लागते. तिथं मालमत्ता पत्रक शोधत बसू नका, तिथली मुख्य नोंद म्हणजे जीएलआर, जनरल लँड रजिस्टर. ते संरक्षण संपदा अधिकाऱ्याकडं असतं. उताऱ्यात धारक कोण, जमीनमालक कोण आणि जागा कोणत्या अटीवर दिली हे तीन रकाने नीट वाचा. कॅन्टोन्मेंटमध्ये लीजवरच्या जागाही आहेत, त्यांचा हिशेब वेगळा, मुदत किती उरली यावर. निम्मी किंमत बहुतेक वेळा या रकान्यांतच दडलेली असते.

15. कागदपत्रं कोणती बघायची? वारस किती आहेत?

मालमत्ता पत्रक, आत्तापर्यंतचे सगळे फेरफार, आधीच्या खतांच्या मूळ प्रती, इंडेक्स टू (नोंदलेल्या खताचा सरकारी गोषवारा), झोन दाखला, महापालिकेचा कर भरल्याच्या पावत्या, आणि तुमच्या वकिलानं काढलेला किमान 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या नोंदींचा तपास). आमच्या वकिलाचा रिपोर्ट देऊ, पण तो तुमच्यासाठी पुरेसा धरू नका. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस तुमच्या नावानं द्या.

जुन्या घरांची खरी अडचण वारस ही असते. घर 1926 पासून आमच्या घराण्यात. मालमत्ता पत्रकावर बरीच वर्षं फक्त पुरुषांची नावं होती. 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना जन्मतःच वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, आणि वडील त्या तारखेला हयात नसले तरी तो आहे, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. आमच्या दोन्ही नणंदांची नावं लावून घेतलीत, त्या खतावर सह्या करणार आहेत. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य जिथं ऐकाल तिथं बहिणींना भेटा. हक्कसोडपत्र असेल तर ते नोंदवलेलं आहे ना, तेवढं बघा. पारशी, ख्रिस्ती, बोहरा किंवा बेने इस्राएल कुटुंबाचं घर असेल तर वारसा कायदा वेगळा, वकील त्यातला जाणकार घ्या.

16. ‘घर पाडणार नाही’ अशी अट तुम्ही खतात घालणार का?

घालावीशी वाटली होती. वकिलांनी समजावलं की पूर्ण मालकी दिल्यावर, घेणाऱ्यानं ती कशी उपभोगावी याच्या अटी मालमत्ता हस्तांतरण कायद्यात टिकत नाहीत. शेजारची जमीन आपली असेल आणि तिच्या भल्यासाठी अट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून अट नाही. घर राखतो तो श्रेणीचा दर्जा (प्रश्न 12), आमची इच्छा नाही.

17. आऊटहाऊसमध्ये कोण राहतं? रिकामं करून देणार का?

एकात माळीकाकांचं कुटुंब राहतं, त्यांच्या वडिलांपासून. भाडेपावत्या आहेत, म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे, आणि मालक बदलला तरी ते जात नाही. रिकामं करून देण्याचं आम्ही कबूल करणार नाही. ज्यांना हे नको त्यांनी आधीच सांगावं, वेळ वाचेल. इतरत्र घर बघताना ‘नोकरांची खोली आहे, सांगितलं की जातील’ असं ऐकाल. पावती आहे का, वीजमीटर कोणाच्या नावावर आहे, रेशनकार्डावर कुठला पत्ता आहे, ते विचारा.

18. मुद्रांक शुल्क आणि टीडीएस किती पडेल?

पुणे महापालिका हद्दीत सेस धरून 7 टक्के, निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत. नोंदणी शुल्क वेगळं. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यात जे जास्त त्यावर.

टीडीएसमध्ये, म्हणजे किंमत देतानाच कापून भरायच्या आयकरात, लोक फसतात. 50 लाखांवरच्या व्यवहारात घेणाऱ्यानं 1 टक्का कापायचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विकणाऱ्यांपैकी कुणी अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्याला हा नियम लागत नाही. तिथं 50 लाखांची मर्यादाही नाही आणि दरही भांडवली नफ्याचा. आमचे धाकटे दीर अमेरिकेत असतात. त्यांच्या हिश्श्यासाठी कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आम्ही काढून देऊ. त्यांचं कुलमुखत्यारपत्र तिकडं केलेलं असल्यानं भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, तो भरलाय. न कापलेल्या टीडीएसची नोटीस घेणाऱ्याला येते, विकणाऱ्याला नाही.

19. एवढ्या जुन्या घराला कर्ज मिळतं का?

मिळतं, पण हवं तेवढं नाही. 75 लाखांवरच्या गृहकर्जात बँक मूल्याच्या 75 टक्क्यांहून जास्त देऊ शकत नाही, आणि मूल्यांकन करणारा इमारतीचं उरलेलं आयुष्य विचारतो. त्याच्या तक्त्यात 140 वर्षांच्या घराला रकानाच नसतो. स्ट्रक्चरल ऑडिटचा दाखला आमच्याकडं आहे, तो जोडा. 30 वर्षांहून जुन्या इमारतीला महापालिकाही तो मागते. बँक बहुधा जमिनीकडं बघून कर्ज देते, घराकडं बघून नाही.

20. विमा?

‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत आगीबरोबर पूरही येतो. विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नाही. रक्कम ठरवताना आरसीसीचा दर लावू नका. चुना, दगड आणि सागवान पुन्हा उभं करायला त्याहून बराच खर्च येतो. वेगळं मूल्यांकन करून घ्या.

21. पुढचं मोठं झाड काढता येईल का? पार्किंग होईल.

तो वर्षावृक्ष आहे आणि आमच्या सासऱ्यांच्या लहानपणी तेवढाच मोठा होता. 50 वर्षांहून जुनं झाड कायद्यानं हेरिटेज वृक्ष ठरतं. तोडायला परवानगी लागते, आणि मिळाली तरी झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. गाड्या मागं लावा.

22. आगाखान पॅलेसजवळचा बंगला बघितला. तिथं वेगळे नियम आहेत का?

हो. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे 200 मीटर परवानगीनं. दुरुस्तीलाही परवानगी लागते. पाताळेश्वर आणि शनिवारवाड्याभोवतीही हेच. घर स्वतः हेरिटेज यादीत नसलं तरी हा नियम लागतो. आमचं घर या टापूत येत नाही.

23. होमस्टे किंवा कॅफे काढता येईल?

दुसऱ्या श्रेणीत वापर बदलाची वाट आहे, पण झोन, पार्किंग, अग्निशमन आणि शेजारी, चारही आड येतात. शेजारी सगळ्यात जास्त. मालकानं स्वतः राहून दोन-तीन खोल्या द्यायच्या, हे जमण्यासारखं आहे. स्वतः राहात असाल तर करात 40 टक्के सवलत मिळते, ती व्यावसायिक वापर झाला की जाते, हेही हिशेबात धरा.

24. किंमत का लिहीत नाही?

लिहिली होती. दुसऱ्या दिवशी दलालांच्या ग्रुपवर ती दोन कोटींनी वाढून फिरत होती. घर बघून झाल्यावर आकडा तोंडावर सांगतो, सगळ्यांना एकच. त्यात मुख्य वाटा जमिनीचा आहे. बांधकामाला रेडी रेकनरचा घसारा लावला तर जवळजवळ काही उरत नाही, आणि आम्ही दुरुस्तीवर जे खर्चलं ते पूर्ण वसूल होणार नाही हे आम्हालाही कळतं. वर्षाची शाकारणी, दरजा, बाग आणि रंग यांना फ्लॅटच्या मेंटेनन्सच्या कितीतरी पट लागतात. ती रक्कम काढायला दर वर्षी जिवावर येणार असेल तर फ्लॅट घ्यावा, त्यात कमीपणा काही नाही.

25. घ्यायचं नाही, पण प्री-वेडिंग शूटसाठी व्हरांडा मिळेल का?

नाही. बघायला यायचं असेल तर शनिवारी सकाळी, आधी फोन करून. भर पावसात आलात तर उत्तम. पन्हळ कुठं ओसंडते आणि मागच्या गल्लीत पाणी किती साठतं ते तेव्हाच दिसतं.